हराळी, मोगरा आणि शिकलेली वांदरं

ज्याच्याकडे बाग असते ना, त्याच्याकडे फुलांपेक्षा किस्से जास्त जमतात. फुलं लोक तोडून तरी नेतात. किस्से कोण नेणार? ते आपल्याचपाशी साठत जातात, आणि मार्चमध्ये ऊन तापायला लागलं की एकेक करून आठवायला लागतात.

मी बॉटनी शिकवते. केजच्या रस्त्याला लागून आमचं कॉलेज आहे. नाव नको, सगळे ओळखीचे निघतात! नोकरीला लागले त्याच महिन्यात प्राचार्य सरांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही बॉटनीच्या. म्हणजे बाग तुमच्याकडे!"

आता बॉटनीवाल्यांना झाडाचं लॅटिन नाव पाठ असतं. त्याला पाणी किती घालायचं, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नसतं. पण नवी नोकरी, नाही कोण म्हणणार? "हो सर" म्हणाले आणि अडकले. त्याला आता वीस वर्षं होत आली.

माझी टीम तीन माणसांची. गंगाधरमामा माळी. घाटनांदूरकडचे, अर्धं आयुष्य शेती करून मग इथं लागलेले. सुमनताई रोजंदारीवर खुरपणीला येतात. आधी बरीच वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या, कंबर धरली तेव्हा ते थांबलं. आणि गेटवरचे रज्जाकभाई. त्यांचा बागेशी तसा काही संबंध नाही, पण त्यांचं मत मात्र प्रत्येक रोपाबद्दल असतं!

उन्हाळा अंगावर यायच्या आत बागेची जी धावपळ असते, तण काढा, खत-माती द्या, आळी करा, शेडनेट बांधा, ती सगळी होळीच्या आगंमागं. हे किस्सेही त्याच दिवसांतले.

*

मामांचं पहिलं वर्ष होतं. मला चुलतबहिणीच्या लग्नाला बीडला जायचं होतं. जाता जाता मी त्यांना सांगितलं, "मामा, प्राचार्य सरांच्या ऑफिससमोरचं तण काढून ठेवा. मुळासकट हं. आल्यावर आपण वरून शेणखत आणि माती देऊ."

"तुमी बिनघोर जावा," मामा म्हणाले.

चौथ्या दिवशी मी परत आले. गेटमधून आत शिरले आणि थबकले. ऑफिससमोर जिथं हिरवंगार लॉन होतं, तिथं काळीभोर, भुसभुशीत, वावरासारखी जमीन! ढेकूळसुद्धा शिल्लक नाही. कडेला मुळ्यांचा कमरेएवढा ढीग. आणि ढिगाशेजारी, हातात कुदळ घेऊन, घामानं निथळलेले, आनंदानं फुललेले मामा.

"मामा, लॉन कुठंय?"

"लान? ते काय असतंय?"

"अहो, इथलं गवत!"

"ती हराळी म्हणताय व्हय? काढली की सगळी! तीन दिस लागले. काडी ठिवली न्हाई बघा." मग जरा आवाज खाली आणून, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाले, "लई खोल गेलती मॅडम. किती वर्षं लक्ष न्हाई दिलं वो तुमी?"

खोटं नव्हतंच ते. तीच वनस्पती. पूजेत तिला दूर्वा म्हणतात, शेतात हराळी म्हणतात आणि कॉलेजात लॉन. शेतकऱ्याचा जन्म जिच्याशी भांडण्यात जातो, ती आम्ही पाणी घालून वाढवत होतो, हे त्या माणसाला सांगितलं कुणी होतं?

एवढ्यात सर बाहेर आले. मला वाटलं, आता मामांची नोकरी गेली. सरांनी चष्मा पुसला, खाली वाकून मातीत हात घातला, मूठभर माती उचलून कुस्करली. सर स्वतः शेतकऱ्याच्या घरातले.

"काम मात्र एक नंबर केलंय," सर म्हणाले आणि आत निघून गेले.

मामांना मी समजावून सांगितलं, तेव्हा ते मटकन खालीच बसले. मग त्यांनीच त्या ढिगातल्या ओल्या मुळ्या निवडल्या आणि ओळीनं पुन्हा लावल्या. दोन दिवस मान वर न करता राबले. तिसऱ्या दिवशी पाणी देता देता हळूच माझ्याजवळ आले.

"मॅडम, एक इनंती हाय. आमच्या गावात कुनाला कळू देऊ नका."

"काय?"

"मी हराळी लावली म्हणून!"

*

पण एकदा स्वतःच्या हातानं लावल्यावर मामांचा त्या लॉनवर असा काही जीव जडला की विचारू नका. कुणी पाय ठेवला की मामा हातात पाइप घेऊन हजर. पोरं त्यांना वचकून असायची. एका वर्षी तर सरांनाच म्हणाले, "साहेब, जरा कडंनं."

मग आमच्याकडे व्हिडिओ बघायची साथ आली. मीही एक बघितला. उन्हाळा लागायच्या आधी लॉनच्या मातीला भोकं पाडावीत, म्हणजे हवा-पाणी मुळापर्यंत जातं, असं त्यात सांगितलं होतं. त्यासाठी खिळ्यांचे बूट मिळतात म्हणे. मी मामांना दाखवला.

"एवढ्या लानला कुदळीच्या टोकानं भोकं पाडायची? मेलो की मी!" मामा म्हणाले.

दोनच दिवसांनी गॅदरिंग होतं. त्यात पोरींचा साडीचा दिवस. एरवी त्या दिवशी मामा लॉनभोवती दोरी बांधून पहारा द्यायचे. त्या दिवशी बघते तर दोरी गायब, आणि मामा स्वतः दोन्ही हात पसरून पोरींना बोलावतायत!

"या गं पोरींनो, या! फोटू इकडं काढा. हिरवळ किती छान दिसती मागं!"

पोरी बिचकल्या. "मामा, तुम्ही ओरडणार नाही ना?"

"मी कावून ओरडू? लेकी तुमी माझ्या! त्या कोपऱ्यात जावा आता, तो राहिलाय. जरा नाचून दावा बघू!"

पोरींनी नाचून दाखवलं. उंच, टोकदार टाचांचे सँडल घालून पन्नास-साठ पोरी दुपारपर्यंत लॉनभर फोटो काढत होत्या. पोरींनी माझी वही मागून घेऊन मामांना त्यावर सह्यासुद्धा करून दिल्या. "बेस्ट मामा" असं लिहून, बदाम काढून!

तेवढ्यात फेटे बांधलेल्या पोरांचा घोळका आला आणि लॉनवर चढायला लागला. मामा एकदम आडवे आले.

"तुमी न्हाई! तुमच्या चपला सपाट हायती!"

*

सुमनताईंची गोष्ट वेगळी. त्या फार बोलायच्या नाहीत. पण त्यांच्या हाताला जे ठाऊक होतं, ते माझ्या पुस्तकात नव्हतं.

एका एप्रिलमध्ये सेकंड इयरला मी मल्चिंग शिकवत होते. म्हणजे जमिनीवर पालापाचोळा पसरून ओल टिकवणं. फळ्यावर आकृती काढली, व्याख्या लिहिली, पोरं जांभया द्यायला लागली. म्हटलं, चला बाहेर! बाहेर सुमनताई उसाचं पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, झाडांच्या बुडाशी पसरत होत्या. मी म्हणाले, "ताई, पोरांना जरा सांगता का, हे कसं करायचं ते?"

"मी?" त्यांनी मागं वळून बघितलं, दुसरं कुणी आहे का म्हणून.

मग त्यांनी सुरुवात केली. आधी पदर खोचला. "पाचट बुंध्याला चिकटवून टाकायचं न्हाई. चार बोटं लांब. न्हाईतर बुंधा कुजतो. जाडी इतीभर, ही अशी एक वीत. कमी टाकलं तर ऊन शिरतं, जास्त टाकलं तर पानी शिरत न्हाई. आन् टाकायच्या आधी पानी द्यायचं, मग टाकायचं. कोरड्या भुईवर पांघरून घालून काय फायदा?"

पोरं लिहून घेत होती! माझ्या तासाला कधी पेन न उघडणारी पोरं!

एकानं विचारलं, "ताई, याला उधई-वाळवी लागत नाही का?"

"लागती. म्हणून कडुनिंबाचा पाला मधी टाकायचा. आन् रोज हात घालून बघायचं. डोळ्यांनी न्हाई, हातानं."

अर्धा तास झाला. शेवटी पोरांनी टाळ्या वाजवल्या. ताई लाजून एवढ्याशा झाल्या.

पुढं टेस्टचे पेपर तपासत होते. एका मुलानं मल्चिंगचं उत्तर अगदी मुद्देसूद लिहिलं होतं. चार बोटं, इतीभर, कडुनिंब, सगळं. आणि खाली रेघ मारून, मोठ्या पुस्तकात लिहितात तसं लिहिलं होतं: "संदर्भ: सुमनताई, गुलाबाचा वाफा."

मी तो पेपर घेऊन धावतच ताईंकडे गेले. वाचून दाखवला. त्यांनी आपलं नाव कुठं लिहिलंय ते विचारलं, हात पदराला पुसला आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

मग म्हणाल्या, "किती मार्क दिले पोराला?"

"पाचपैकी पाच!"

"एक कापा."

"का हो?"

"गुलाबाचा कुठं व्हता? मोगऱ्याचा वाफा व्हता त्यो."

*

नेचे हा माझा वीक पॉइंट. फर्न म्हणतात ते. आमच्या बीडच्या उन्हात नेचे जगवायचे म्हणजे माशाला माळावर सांभाळण्यासारखं. तरी मी हट्टानं पंधरा कुंड्या जगवल्या होत्या. त्यांच्यासाठी मागणीपत्रं लिहून लिहून हिरवी शेडनेट मिळवली आणि स्वतः उभी राहून बांधून घेतली.

परीक्षा सुरू झाल्या. सकाळी साडेदहाला मी सुपरव्हिजनला निघाले. सहज बागेकडे नजर गेली, तर शेडनेट नाही! नुसते बांबू उभे. आणि कुंड्याही जागेवर नाहीत!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "रज्जाकभाई! शेडनेट कुणी नेली?"

रज्जाकभाईंनी नुसतं बोट केलं. परीक्षेच्या हॉलच्या मागच्या बाजूला.

तरातरा गेले. तिथं भिंत आणि बाभळीच्या मधे माझी शेडनेट ताणून बांधली होती. खाली सतरंजी. सतरंजीवर तीन-चार बायका, आणि प्रत्येकीच्या मांडीवर एकेक तान्हं लेकरू.

आमच्याकडे बऱ्याच मुलींची लग्नं डिग्री व्हायच्या आत होतात. मग लेकरू झालं तरी काही जिद्दीच्या पोरी परीक्षेला येतात. त्या आत पेपर लिहितात आणि बाहेर त्यांची आई नाहीतर सासू लेकरू घेऊन बसते. तीन तास. दरवर्षी भिंतीच्या वीतभर सावलीत बसलेल्या या बायका मीही बघितल्याच होत्या. बघून हॉलमध्ये जात होते, इतकंच.

सुमनताई तिथंच उभ्या होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या कुंड्या लॅबच्या व्हरांड्यात पान्याच्या टाकीपाशी ठिवल्यात. दोनदा पानी शिंपडलंय. त्यांचं भागतंय तेवढ्यावर." मग त्या लेकरांकडं बघून म्हणाल्या, "ह्यांचं न्हाई भागत."

एक म्हातारी उठून उभी राहायला लागली. "काढायची का वो बाई नेट? आमी सरकतो तिकडं."

"बसा, बसा," मी म्हणाले. एका लेकराचं टोपडं सरळ केलं आणि हॉलकडं गेले.

संध्याकाळी ऑफिसात मी सरांना सगळं सांगितलं. सर नुसती मान डोलवत ऐकत होते. पण पुढच्या फेब्रुवारीत खरेदीची यादी सहीला फिरली, तेव्हा तिच्यात सरांच्या अक्षरात एक ओळ वाढलेली होती:

"शेडनेट, नग दोन. एक वनस्पतीशास्त्र विभाग, एक परीक्षा विभाग."

*

आता केमिस्ट्रीचा छोटा किस्सा. एका वर्षी बोअरनं मार्चमध्येच मान टाकली. बागेला पाणी बंद, असा आदेश निघाला. बरोबरच होतं, प्यायलाच पुरत नव्हतं.

मामा सैरभैर झाले. कॉलेजभर फिरून कुठं पाणी वाया जातंय का ते बघायला लागले. आणि त्यांना सापडलं! केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये डिस्टिलेशनचं प्रॅक्टिकल असलं की थंड करायला म्हणून एक नळी सारखी वाहत असते. ते चांगलं स्वच्छ पाणी सरळ मोरीत जायचं. मामांनी खिडकीतून पाइप आत घातला, नळीला जोडला आणि दुसरं टोक बागेत.

झालं! त्या दिवसापासून मामा रोज सकाळी केमिस्ट्रीच्या सरांच्या दारात.

"सर, आज पानी तापवायचं प्रॅक्टिकल हाय का?"

"आज नाही मामा, आज टायट्रेशन आहे."

"त्यात पानी वाहतं का?"

"नाही."

"मग ते कावून शिकवता?"

केमिस्ट्रीचे सर भला माणूस. मामांचा उतरलेला चेहरा त्यांना बघवायचा नाही. "बरं, पोरांची रिव्हिजन घेऊ," म्हणायचे. त्या उन्हाळ्यात आमच्या पोरांनी डिस्टिलेशन इतक्या वेळा केलं की झोपेत उठवलं तरी करून दाखवतील!

युनिव्हर्सिटीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी एका पोराला विचारलं, "डिस्टिलेशनचा उपयोग सांग."

पोरगं एका दमात म्हणालं, "जास्वंदीला, सर!"

*

मोगऱ्याची छाटणी आम्ही थंडी सरता सरता करतो. जुन्या फांद्या काढायच्या, पानं ओरबाडायची, खत द्यायचं आणि पाणी. मग उन्हाची पहिली झळ लागली की झाड कळ्यांनी भरून येतं.

एका वर्षी मोगरा असाच भरून आला होता. रोज संध्याकाळी मी टपोऱ्या कळ्या बघून घरी जायची, आणि सकाळी येऊन बघावं तर फूल नाही! चार दिवस झाले, सहा दिवस झाले.

"रज्जाकभाई, फुलं कोण नेतं हो?"

रज्जाकभाई गेटवरच्या खुर्चीतून उठलेच नाहीत. "वांदरं आलती मॅडम."

"वांदरं?"

"लई मोठी टोळी. सकाळी सकाळी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी म्हणाले, "भाई, वांदरं फुलं खाताना फांद्या मोडतात. इथं एक फांदी मोडलेली नाही. नुसती फुलं देठापासून अलगद खुडलीत."

रज्जाकभाईंनी दाढी खाजवली, विचार केला. "शिकलेली वांदरं हायती मॅडम!"

आता मात्र मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच आले. रज्जाकभाईंनी मला बघितलं आणि एकदम मोठ्यांदा खोकायला लागले. खोकतात, खोकतात, थांबतच नाहीत! मी सरळ मोगऱ्याच्या वाफ्याकडं गेले.

तिथं आमचे सर. पायजमा, शर्ट, डोक्याला मफलर. एका हातात पसरलेला रुमाल, आणि दुसऱ्या हातानं एकेक फूल अलगद खुडतायत.

मला बघून सर इतके दचकले की रुमालातली चार फुलं खाली पडली. ज्या माणसासमोर आमचा सगळा स्टाफ उभ्यानं बोलतो, तो माणूस वाकून फुलं गोळा करत होता.

"मॅडम, मी सांगणारच होतो तुम्हाला." सर उभे राहिले. आवारातल्याच आपल्या क्वार्टरकडे बघत म्हणाले, "ही अंथरुणाला खिळून आता वर्ष होईल. अर्धं अंग लुळं पडलं. बोलता येत नाही. मागच्या आठवड्यात वाऱ्यावर वास आला, तर तिनं डोळे उघडून खिडकीकडं बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बघितलं. म्हणून..."

मीच खाली बसले आणि राहिलेली फुलं खुडून त्यांच्या रुमालात घातली.

मी कुणाला काही सांगितलं नाही. पण तसं कुणाला सांगायची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवसापासून सुमनताई सकाळी घरून निघायच्या त्या अर्धा तास आधी. येऊन फुलं खुडायच्या, केळीच्या पानात बांधायच्या आणि गेटच्या खांबावर ठेवायच्या. सर फिरायला निघाले की तो पुडा उचलायचे. कुणीच कुणाशी काही बोलायचं नाही. उन्हाळाभर चाललं.

एकदा मी रज्जाकभाईंना विचारलं, "काय भाई, वांदरं येतात का अजून?"

"येतात की," रज्जाकभाई म्हणाले. "पन आता डबा भरून द्यावा लागतो त्यांना!"

*

आणि हा शेवटचा. मागच्याच्या मागच्या वर्षीचा, एप्रिलचा.

कॉलेजच्या तपासणीला बाहेरून समिती यायची होती. महिनाभर आम्ही सगळे वेडे झालो होतो. भिंती रंगवल्या, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लावला. लॉन तर मामांनी असं राखलं होतं की गालिचा! उन्हानं जळू नये म्हणून जरा उंचच कापलेलं, एकेक लव्हाळा हातानं उपटलेला, सकाळ-संध्याकाळ मोजून पाणी. मधोमध नवी कोरी पाटी: "लॉनवर पाऊल ठेवू नये."

समिती बाराला येणार होती. साडेदहाच्या सुमाराला गेटसमोर एक ट्रॅक्टर येऊन बंद पडला. मागं दोन ट्रॉल्या. ऊसतोडीची टोळी होती, सीझन संपवून नांदूरघाटकडं आपल्या गावाला निघालेली. भांडी, सरपण, कोंबड्या, लेकरं, सगळा संसार ट्रॉलीत. ड्रायव्हर पार्ट आणायला केजला गेला आणि वीस-बावीस माणसं रस्त्याच्या कडेला उन्हात उभी राहिली.

सुमनताईंनी आधी त्यांना आत पाण्याच्या टाकीवर नेलं. पाणी पिऊन झालं. त्यातली एक म्हातारी, हातात काठी, फिरत फिरत लॉनच्या कडेला आली. मामा तिथं पाइप गुंडाळत होते. आत पोरांचं प्रॅक्टिकल चालू होतं, मी व्हरांड्यात उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"काय पेरलंय रं हे?"

"गवत हाय आजी."

"जनावरं हायती व्हय हितं?"

"न्हाईत."

"मग इकता का कापून?"

"न्हाई वो."

"मग एवढं पानी कावून देता याला?"

मामा गडबडले. "ते... बसायला असतंय."

"असं!" म्हातारीनं रिकाम्या लॉनवरून नजर फिरवली. तिला वाचता येत नव्हतं. "मग बसतं कोन?"

मामा पाटीकडं बघत राहिले. मग गेले, दोन्ही हातांनी पाटी उपटली आणि कुंपणाशी आडवी ठेवली.

"तुमी बसा की," मामा म्हणाले.

पाच मिनिटांत सगळी टोळी लॉनवर. कडुनिंबाच्या सावलीत बायकांनी अंग टाकलं आणि बघता बघता झोपल्या. सहा महिने उसाच्या फडात, पहाटेपासून राबलेली माणसं. हिरवळीला पाठ टेकली आणि गेलीच! लेकरं मात्र अनवाणी पळत होती, पडत होती, पुन्हा मुद्दाम पडत होती.

अकराला माझं प्रॅक्टिकल सुटलं. पोरं बाहेर आली. त्यात ज्योती होती, सेकंड इयरची, होस्टेलला राहणारी. ती पायरीवरच थांबली.

"मॅडम, माझी आई!"

दिवाळीपासून तिनं आईला बघितलं नव्हतं. लेक केजच्या रस्त्याला कुठल्यातरी कॉलेजात शिकते, एवढंच आईला ठाऊक. आपण लेकीच्याच कॉलेजात झोपलोय, हे त्या बाईला माहीतच नव्हतं!

"उठव की," मी म्हणाले.

ज्योती जवळ गेली. वाकली. मग थांबली. आई तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. झाडाची सावली सरकली होती आणि तिच्या चेहऱ्यावर ऊन आलं होतं. ज्योतीनं तिला उठवलं नाही. ती उन्हाच्या बाजूला जाऊन बसली, आईच्या चेहऱ्यावर आपली सावली पडेल अशी. आणि जर्नल उघडून वाचत बसली.

तेवढ्यात हॉर्न वाजला. समिती! तासभर आधी!

सर धावतच ऑफिसातून बाहेर आले, हातात गुच्छ. समोर बघितलं आणि जागच्या जागी उभे राहिले. लॉनवर बोचकी, कोंबड्यांची डालगी, घोरणारी माणसं. मामांचा चेहरा पांढराफटक. गाडीतून समितीचे अध्यक्ष उतरले. सूट, टाय, सोनेरी काडीचा चष्मा. शुद्ध, मोजकं बोलणारे.

त्यांनी लॉनकडं बघितलं. "ही मंडळी कोण?"

सरांनी लॉनकडं बघितलं, मामांकडं बघितलं, मग ज्योतीकडं आणि तिच्या आईकडं.

"पालक सभा आहे सर," सर म्हणाले. "चालू आहे."

सरांनी पुढं केलेला गुच्छ अध्यक्षांनी घेतला नाही. ते खाली वाकले, बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट काढून कडेला नीट ठेवले. मोज्यांवरच लॉनवरून चालत गेले आणि त्या म्हातारीच्या समोर मांडी घालून बसले.

"आजी, औंदा कुठल्या कारखान्याला व्हतात?"

म्हातारीनं काठी खाली ठेवली. टायपासून मोज्यांपर्यंत त्यांच्याकडं नीट बघितलं. मग आणखी जरा पुढं झुकून त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"तू कुनाच्या टोळीतला रं?"